मिटलेली पाती की उघडी पाती? बाणाच्या टोकाचा वाद, आणि कन्हानकाठी तो का थांबतो

मोबाईलवर अशी रील आता सहज समोर येते. पारदर्शक जेलचा ठोकळा मांडलेला असतो. वीसेक पावलांवरून कुणीतरी कंपाउंड धनुष्याने बाण सोडतो आणि स्लो मोशनमध्ये दिसतं, की बाणाच्या टोकाशी मिटून बसलेली दोन पाती ठोकळ्याला लागताक्षणी छत्रीसारखी उघडली. पुढच्या रीलमध्ये दुसरा बाण येतो. त्याची तीन पाती आधीपासूनच उघडी आणि जागची न हलणारी असतात. दोन्हींनी पाडलेलं भोक मोजपट्टीने मोजलं जातं आणि शेवटी प्रश्न येतो: यातलं कोणतं घ्याल?

प्रश्न मूळचा अमेरिकेतल्या धनुर्धारी शिकाऱ्यांचा. तिथे पन्नासही राज्यांत धनुष्याने शिकार करायला ठरावीक हंगामात परवानगी असते. पण तीच रील कन्हान, पारशिवनी, रामटेकमध्येही बघितली जाते. रानडुकरांच्या कळपाने रात्रीतून लोळवलेलं धान ज्याने सकाळी बघितलंय, त्याला हा प्रश्न नुसती करमणूक वाटेलच असं नाही. म्हणून या दोन टोकांत नेमका फरक काय, निवड कशावर ठरते आणि नागपूर जिल्ह्यात ती निवड कुणालाच का करता येत नाही, हे नीट समजून घेतलेलं बरं.

बाण धक्क्याने मारत नाही

बंदुकीची गोळी आणि बाण यांचं काम एकसारखंच आहे, असं बहुतेकांना वाटतं. आकडे बघितले की हा समज लगेच जातो. जुन्या .३०३ रायफलच्या गोळीत नळीतून सुटताना तीन हजार ज्यूलहून जास्त ऊर्जा असते. आजच्या चांगल्या कंपाउंड धनुष्यातून सुटलेला २६ ग्रॅमचा बाण सेकंदाला ८५ मीटर वेगाने जातो. त्याची ऊर्जा भरते साधारण ९४ ज्यूल. ताशी १४० किलोमीटर वेगाने टाकलेल्या क्रिकेटच्या चेंडूत १२० ज्यूल असतात. म्हणजे वेगवान गोलंदाजाचा चेंडू हिशेबाने बाणापेक्षा भारी.

मग बाणाने हरीण मरतं कसं? कापल्यामुळे. बाणाच्या टोकाची पाती फुप्फुसं आणि मोठ्या रक्तवाहिन्या कापतात, रक्त झपाट्याने जातं, मेंदूला प्राणवायू मिळेनासा होतो. दोन्ही फुप्फुसं कापली गेली तर जनावर काही सेकंदांत, शे-दीडशे मीटरच्या आत कोसळतं. नेम थोडा मागे गेला आणि बाण पोटात बसला, तर तेच जनावर कित्येक तास जगतं, दाट झाडीत शिरतं आणि पुष्कळदा सापडतही नाही. खांद्याच्या जाड हाडावर अडकला, तर जखम घेऊन दिवसच्या दिवस हिंडतं. म्हणूनच बाण लागल्यावर लगेच पाठलाग करू नये, निदान अर्धा तास थांबावं, असं तिकडच्या प्रशिक्षणात शिकवतात. घाबरलेलं जनावर जास्त लांब पळतं.

पात्यांचा वाद या एका गोष्टीभोवती फिरतो. बाणाकडे ऊर्जेचं भांडवल थोडं. ते रुंद कापण्यावर खर्च करायचं की खोल जाण्यावर?

एकच धनुष्य, तीन टोकं

नागपूरच्या ओजस देवतळेचं नाव २०२३ मध्ये सगळ्यांनी ऐकलं. बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत कंपाउंड प्रकारात त्याने अंतिम फेरीत १५० पैकी १५० गुण घेतले आणि पोलंडच्या खेळाडूला एका गुणाने हरवलं. पन्नास मीटरवरून आठ सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळात पंधराच्या पंधरा बाण. त्या बाणांची टोकं गोळीसारखी निमुळती आणि गुळगुळीत असतात, त्यांना पाती नसतात. निशाणात घुसायचं आणि ओढल्यावर सहज बाहेर यायचं, एवढंच त्यांचं काम.

शिकारीच्या टोकाला इंग्रजीत ब्रॉडहेड म्हणतात, म्हणजे रुंद टोक. यात दोन घराणी. पहिल्यात पाती कायम उघडी असतात, तिला फिक्स्ड ब्लेड म्हणतात. दोन, तीन किंवा चार पाती आणि कापण्याची रुंदी साधारण २५ ते ३२ मिलिमीटर. दुसऱ्या घराण्यात पाती उडताना मिटलेली असतात आणि लक्ष्याला लागल्यावर उघडतात. ते मेकॅनिकल, म्हणजे यांत्रिक टोक. उघडल्यावर त्याची रुंदी ३८ ते ५० मिलिमीटर, कधी त्याहून जास्त. दोन्हींचं वजन बहुधा १०० किंवा १२५ ग्रेन, म्हणजे साडेसहा किंवा आठ ग्रॅम, आणि दोन्ही दांडीच्या पुढच्या भागात आट्यांनी फिरवून बसवतात. खेळाचं पात्यांविना टोक काढून त्याच आट्यात यातलं कुठलंही बसतं.

उघड्या पात्यांची खोड

बाण सरळ का उडतो? मागच्या पिसांमुळे. बाण जरा तिरपा झाला की पिसांवर हवा आदळते आणि शेपूट परत ओळीत येतं. आता टोकालाही पाती लावली, तर बाणाला पुढेही पंख फुटले. मागची पिसं बाण सरळ करायला बघतात, पुढची पाती त्याला आपल्या दिशेला ओढतात. धनुष्य नीट जुळवलेलं नसेल, दोरी सोडताना बोटं जरा अडकली असतील किंवा बाणाची दांडी धनुष्याच्या ताकदीच्या मानाने लवचिक असेल, तर हे भांडण वाढतं. सरावात साध्या टोकाने अचूक बसणारा बाण पात्यांचं टोक लावल्यावर हातभर बाजूला जातो आणि शिकारी चक्रावतो.

चूक टोकाची नसते. आधीपासून असलेला दोष उघड्या पात्यांनी फक्त उघडा पाडलेला असतो. तो काढायला धनुष्य जुळवावं लागतं: कागदाच्या ताणलेल्या पडद्यातून बाण मारून भोकाचा आकार बघायचा, बाणाची टेकणी तसूभर हलवायची, पुन्हा मारायचं, पिसं मोठी किंवा पीळदार लावायची. या कामात दोन-चार संध्याकाळी जातात. ज्यांना त्या द्यायच्या नाहीत, त्यांच्यासाठीच मिटलेल्या पात्यांचं टोक खपतं, असं म्हटलं तर विक्रेते चिडतील, पण त्यात बरंच तथ्य आहे. मिटलेलं टोक हवेत जवळजवळ साध्या टोकासारखंच वागतं. वाऱ्यातही कमी भरकटतं.

आणि अचूकपणाची किंमत मोठी आहे. बाण जनावराच्या मानाने हळू जातो. २७ मीटर कापायला त्याला साधारण एक तृतीयांश सेकंद लागतो. दोरीचा आवाज तेवढंच अंतर त्याच्या चौथ्या हिश्श्यात गाठतो. हरणाला उरलेल्या वेळात उडी मारायची असते आणि उडीसाठी ते आधी खाली दबतं. छातीवर सोडलेला बाण त्यामुळे पाठीवर बसू शकतो. म्हणून जाणकार शिकारी वीस-पंचवीस मीटरच्या पुढे बाण सोडत नाहीत, टोक कितीही चांगलं असो. पन्नास मीटरवर निशाण भेदणारा खेळाडूही जनावरासमोर हे अंतर निम्मं करतो. निशाण जागचं हलत नाही, हरीण हलतं.

मिटलेल्या पात्यांचा हिशेब

मग यांत्रिक टोकच का घेऊ नये? कारण पाती उघडायला ऊर्जा लागते आणि ती त्याच ९४ ज्यूलमधून जाते. रुंद कापायलाही जास्त ऊर्जा लागते. ताकदवान कंपाउंड धनुष्याला हा खर्च परवडतो. साधं लाकडी किंवा रिकर्व्ह धनुष्य घेतलं, तर ३२ ग्रॅमचा बाण सेकंदाला ५२ मीटरने जातो आणि ऊर्जा ४३-४४ ज्यूलवर येते. तिथे यांत्रिक टोक म्हणजे तुटपुंज्या पगारात मोठा हप्ता. कमी ताकदीचं धनुष्य ओढणाऱ्यांना, किशोरवयीनांना आणि पारंपरिक धनुष्य वापरणाऱ्यांना बहुतेक प्रशिक्षक स्थिर पात्यांचंच टोक सुचवतात, ते यासाठी.

दुसरा धोका कोनाचा. जनावर आडवं उभं असेल तर ठीक. तिरपं असेल तर आधी एक पातं टेकतं, दुसरं नंतर, आणि टोक वाटेतून वळू शकतं. पुढून मागे उघडणाऱ्या जुन्या रचनांत हे जास्त होतं. नव्या रचनांत पाती मागे सरकत उघडतात, त्यांत कमी होतं. पाती मिटलेली राहावीत म्हणून लावलेलं रबराचं कडं किंवा प्लास्टिकची पट्टी जुनी झाली, तर टोक हवेतच उघडतं. हलणारा भाग म्हटला की बिघडण्याची एक जागा वाढली. स्थिर टोकात बिघडायला काही नसतं, फक्त धार जाते, आणि ती कानशीने परत आणता येते.

जाहिरातीतल्या रुंदीकडेही जरा सावधपणे बघायला हवं. '५० मिलिमीटर विरुद्ध २९ मिलिमीटर' हे ऐकायला दुपटीच्या जवळ वाटतं. पण ५० मिलिमीटरचं यांत्रिक टोक दोन पात्यांचं असेल, तर ते एकूण ५० मिलिमीटर लांबीची एकच चीर पाडतं. २९ मिलिमीटरचं स्थिर टोक तीन पात्यांचं असेल, तर केंद्रापासून साडेचौदा मिलिमीटरच्या तीन चिरा, एकूण साधारण ४३. फरक उरला सात मिलिमीटरचा. शिवाय तीन दिशांनी फाटलेली जखम एका सरळ चिरेपेक्षा सहज मिटत नाही. रीलमध्ये हा हिशेब सहसा येत नाही, कारण जेलच्या ठोकळ्यात मोजपट्टी आडवी धरली की ५० हाच आकडा डोळ्यांत भरतो. ठोकळ्याला हाड नसतं, केसाळ कातडी नसते आणि तो तिरपा उभा राहत नाही, हेही लक्षात ठेवायला हवं.

रानडुकराचं उदाहरण घेतलं तर वाद बराच मिटतो. मोठ्या नराच्या खांद्यावर कातडीखाली कूर्चेसारखा चिवट, जाड थर असतो. नर एकमेकांशी सुळ्यांनी झुंजतात, तेव्हा ती त्यांची ढाल असते. या ढालीतून आत जायला रुंदीपेक्षा खोली महत्त्वाची. डुकरासाठी मजबूत, कमी पात्यांचं स्थिर टोकच सरस, असं म्हणायला हरकत नाही. पातळ कातडीचं हरीण, जोरदार कंपाउंड धनुष्य, आडवं उभं जनावर आणि जवळचं अंतर, एवढं सगळं जुळलं तर यांत्रिक टोकाची बाजू भक्कम होते. त्यातलं एक निसटलं की स्थिर टोक बरं.

तिकडचे कायदेही या वादात उतरलेत. ओरेगॉन आणि आयडाहो या राज्यांत हलत्या पात्यांच्या टोकांवर अनेक वर्षं बंदी राहिली, तर बाकी बहुतेक राज्यांत ती चालतात. कित्येक राज्यांत धनुष्याची किमान ताकद आणि टोकाची किमान रुंदी ठरवून दिलेली असते. फ्रान्स आणि डेन्मार्कमध्ये धनुष्याने शिकार करायला वेगळं प्रशिक्षण लागतं. ब्रिटनमध्ये १९८१च्या कायद्याने वन्यप्राण्यांवर धनुष्य चालवायलाच मनाई आहे.

काट्याचा बाण आणि मराठीतलं 'शल्य'

बऱ्याच ठिकाणी आणखी एका टोकावर बंदी असते: मागे वळलेल्या काट्याचं, गळासारखं अडकणारं टोक. जनावर वाचणार असेल तर बाण गळून पडला पाहिजे, आत रुतून राहता कामा नये, हा त्यामागचा विचार. यांत्रिक टोकांची उघडलेली पातीही असं अडकतात का, यावर म्हणूनच खल होतो. मागे ओढल्यावर उलट दिशेने वळणारी पाती असतील तर आक्षेप कमी.

हा विचार आपल्याकडे जुना आहे. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात राजाने युद्धात कोणती शस्त्रं वापरू नयेत ते सांगितलंय. त्यात कर्णी, म्हणजे काट्यांचे बाण, विष माखलेले बाण आणि टोक पेटवलेले बाण येतात. सुश्रुतसंहितेत शरीरात रुतलेलं शल्य काढण्यावर स्वतंत्र विवेचन आहे. त्यात दोन वाटा सांगितल्यात: शिरलं त्याच वाटेने मागे ओढायचं, किंवा पुढे ढकलून दुसऱ्या बाजूने काढायचं. काट्याचा बाण मागे ओढला तर आणखी मांस फाडतो, हे त्या वैद्यांना रोज दिसत असणार. शल्य म्हणजे मुळात बाणाचं टोक किंवा रुतलेला काटा. आज मराठीत सर्जरीला शल्यक्रिया म्हणतात आणि जिल्हा रुग्णालयाच्या प्रमुखाला जिल्हा शल्यचिकित्सक, तो हाच शब्द.

विसाव्या शतकातली अमेरिकी धनुर्शिकार ज्याच्यामुळे लोकप्रिय झाली, तो सॅक्सटन पोपही योगायोगाने शल्यविशारदच होता. कॅलिफोर्नियातल्या याही जमातीच्या इशी नावाच्या माणसावर उपचार करता करता तो त्याच्याकडून धनुर्विद्या शिकला. इशी १९१६ मध्ये वारला. पोपने पुढे ज्वालामुखी काचेची आणि पोलादाची टोकं यांची भेदकता ताडून बघितली. कुठलं टोक जास्त आत जातं, हा प्रश्न रीलच्या शंभर वर्षं आधी त्याने प्रयोगाला लावला होता.

पेंचच्या काठची भट्टी

त्याहून फार आधी हा प्रश्न कन्हानच्या शेजारीच सोडवला जात होता. कन्हान गाव पारशिवनी तालुक्यात येतं. याच तालुक्यात पेंच नदीच्या काठी नायकुंड आहे. ही पेंच पुढे कन्हान नदीलाच मिळते. नायकुंडला १९७०च्या दशकाच्या अखेरीला शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन झालं आणि तिथे लोखंड गाळायची भट्टी सापडली. काळ साधारण २७०० वर्षांपूर्वीचा.

नागपूरभोवती अशी स्थळं पुष्कळ आहेत: माहूरझरी, जुनापाणी, टाकळघाट, खापा. दगडांची मोठी वर्तुळं मांडून त्यांच्या आत माणसं पुरायची आणि सोबत लोखंडी अवजारं, शस्त्रं ठेवायची, अशी त्या लोकांची रीत होती. या वर्तुळांत कुऱ्हाडी, खंजीर, छिन्न्या, घोड्याचे लगाम आणि बाणाची टोकंही मिळाली. कुऱ्हाडीचं पातं दांड्यावर हलू नये म्हणून त्यावर लोखंडी पट्ट्यांचं आडवं कडं बसवलेलं असे, ही विदर्भातल्या या लोकांची खास ओळख. पातं जागचं हलता कामा नये, ही काळजी त्यांनाही होती. इथल्या अवजारांच्या धातुपरीक्षणात आणखी एक गोष्ट दिसली: अवजार सबंध एकसारखं नसे, धारेच्या भागात कार्बन मुरवून तो पोलादी केलेला असे. कडक धार आणि मागे मऊ, न तुटणारं लोखंड. चांगल्या स्थिर टोकाकडून आजही हेच मागतात.

त्याही आधीचा माणूस गारगोटीची नखाएवढी पाती लाकडाच्या खाचेत डिंकाने चिकटवून टोकं बनवायचा. एक पातं मोडलं तर तेवढंच बदलायचं. बदलत्या ब्लेडची टोकं ही आजची कल्पना नाही.

मग कन्हानमध्ये यातलं कोणतं टोक चालतं?

जनावरावर कोणतंच नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये आला आणि १९९१च्या दुरुस्तीनंतर छंदाच्या शिकारीचे परवानेच संपले. या कायद्यातली 'शस्त्र' या शब्दाची व्याख्या वाचण्यासारखी आहे. बंदुका, स्फोटकं, जाळी, फास यांच्या ओळीत त्यात धनुष्यबाणाचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे 'बंदूक नाही, बाणच तर आहे' ही पळवाट नाही. 'शिकार' या शब्दात नुसतं मारणं येत नाही. जखमी करणं आणि तसा प्रयत्न करणंही येतं. बाण हुकला तरी गुन्हा होतो.

२०२२च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत. प्राणी पहिल्या अनुसूचीतला असेल किंवा शिकार अभयारण्यात, राष्ट्रीय उद्यानात झाली असेल, तर किमान तीन आणि कमाल सात वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड. कन्हानहून उत्तरेला निघालं की पेंच व्याघ्र प्रकल्पाचं जंगल लागतं, हे इथे विसरून चालत नाही. शिकार केलेलं जनावर सरकारची मालमत्ता ठरतं आणि गुन्हा सिद्ध झाल्यावर वापरलेलं शस्त्र आणि गाडीही जाते.

पण रोही आणि रानडुकरांनी पीक खाल्लं तर? त्यासाठी कायद्यात कलम ११ आहे. उभ्या पिकाला धोकादायक झालेल्या काही प्राण्यांबाबत मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. ती कारणासह आणि अटींसह असते. शेतकऱ्याने आपल्या मनाने बाण, फास किंवा विजेची तार लावायची मुभा त्यात नाही. परवानगीविना मारलेलं डुक्करही शिकारच धरलं जातं. आणि वर सांगितलेला हिशेब इथे पुन्हा आठवावा: अंधारात, तिरप्या उभ्या डुकरावर नवख्याने सोडलेला बाण बहुधा त्याला मारत नाही, जखमी करतो. जखमी डुक्कर पहाटे दुसऱ्याच कुणाच्या शेतात, पाणी द्यायला आलेल्या बाईसमोर उभं राहतं.

पिकाचं नुकसान झालं असेल तर राज्यात त्याची भरपाई मिळते. शेताचे फोटो काढून, पंचनाम्याआधी नांगर न फिरवता, वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे लगेच अर्ज करायचा. वनविभागाचा टोल फ्री क्रमांक १९२६ आहे. आणि ज्याला धनुष्यच हातात घ्यायचंय, त्याच्यासाठी पात्यांविना गुळगुळीत टोक आहे. ते आट्यात फिरवून बसवायचं आणि मैदानावर जायचं.